पाठमोरं बाळ

नुकतंच जन्मलेलं बाळ टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं, तर त्या लांबीचा चौथा हिस्सा एकट्या डोक्याचा भरतो. मोठ्या माणसात डोक्याच्या वाट्याला सातवा किंवा आठवा हिस्सा येतो. बाळाचं प्रमाण आपल्याला लावलं, तर साडेपाच फुटांच्या माणसाच्या खांद्यांवर सव्वा फुटाहून मोठं डोकं बसलं असतं. बाळ असं डोकं रोज वागवतं. तेही अशा मानेवर, जिची हाडं अजून पुरती हाडंसुद्धा झालेली नसतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ मान धरतं आणि घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. पण तेव्हा बळावलेले असतात ते मानेचे स्नायू. आतल्या मणक्यांचं घडणं पुढे कित्येक वर्षं चालूच राहतं. जन्माच्या वेळी मानेतला साधा मणका तीन तुकड्यांचा असतो. पुढच्या भागाचा एक, मागच्या कमानीचे दोन, आणि त्यांना जोडणारी मऊ कूर्चा. ही कूर्चा हाडात बदलून मणका एकसंध व्हायला साधारण तिसरं ते सहावं वर्ष उजाडतं. मणक्यांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंधही या वयात सैल असतात. नवजात बालकांच्या शवविच्छेदनांतून कळलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बाळाचा कणा सुमारे 5 सेंटिमीटर ताणला गेला तरी शाबूत राहू शकतो. त्याच्या आतून जाणारा मज्जारज्जू मात्र सुमारे 6 मिलिमीटर ताणातच तुटतो.

दुकानात कन्व्हर्टिबल कार सीटसमोर उभं राहिलं की कापडाचा रंग, गादीची जाडी, कप ठेवायची जागा आणि किंमत आधी दिसते. माझ्या मते हे सगळं बाजूला सारून पहिला प्रश्न विचारावा: ही सीट माझ्या मुलाला मागे तोंड करून किती काळ बसू देईल? कन्व्हर्टिबल म्हणजे दोन्ही दिशांना बसवता येणारी सीट. बाळ लहान असताना ती गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून लावायची आणि मूल मोठं झालं की तीच फिरवून पुढे तोंड करून लावायची. या फिरवण्यात केवढं भौतिकशास्त्र भरलंय, ते पाहिलं की त्या प्लास्टिकच्या कवचाकडे बघण्याची नजरच बदलते.

ताशी 50 किलोमीटर हा वेग शहरातल्या रिकाम्या रस्त्यावर कुणालाच जास्त वाटत नाही. सेकंदाचा हिशेब मांडला तर ते जवळजवळ 14 मीटर होतात. सुमारे 10 मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणारी वस्तू जमिनीला लागताना तिचा वेगही एवढाच असतो. अशी गाडी भिंतीवर आदळली आणि तिचं नाक 60 सेंटिमीटर चेपलं, तर सगळा वेग सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात संपतो. या वेळात प्रत्येक वस्तू गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी 16 पट जोरानं पुढे ओढली जाते. 10 किलोचं बाळ मांडीवर असेल, तर त्याला धरून ठेवायला 160 किलोची पकड लागेल. हीसुद्धा झाली सरासरी. मधल्या काही क्षणांत जोर याहून बराच वाढतो. आईची माया कितीही मोठी असली, तरी एवढं बळ कुणाच्याच हातात नसतं. आणि आईनं स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचंच शरीर बाळाला समोरच्या डॅशबोर्डवर दाबतं.

चेपणारं नाक हे माझ्या दृष्टीनं मोटारीच्या रचनेतलं एक महान औदार्य आहे. गाडी स्वतः मोडते आणि आतल्या माणसाला थांबायला थोडं अंतर मिळवून देते. पण हे अंतर मिळतं गाडीला घट्ट बांधलेल्यालाच. सुटं बाळ, सुटी पिशवी, सुटा पाण्याचा कॅन, हे सगळं गाडी थांबत असतानाही 50 च्याच वेगानं पुढे जात राहतं आणि मग दोन-चार सेंटिमीटरमध्ये थांबतं. सीटच्या पट्ट्यात ढील राहिली, तर बाळ त्या ढिलाइतकं अंतर सुटंच असतं आणि गाडीनं देऊ केलेल्या मौल्यवान सेंटिमीटरपैकी काही वाया जातात. म्हणून पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी त्याची उभी चिमटी घेऊन पाहायची असते. पट्टा बोटांत आला तर तो सैल आहे, बोटं नुसतीच घसरली तर ठीक. थंडीत जाडजूड जाकिटावरून पट्टा लावू नये, तेही याच कारणानं. धक्क्यात जाकिटातली हवा निघून जाते आणि चिमटीत न सापडलेली ढील तिथे उघडी पडते. बाळाला आधी पट्टा लावायचा आणि वरून पांघरूण घालायचं.

मांडीचा मोह काही आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मर्फ्रीसबरो गावी रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. लहान मुलांना सीटमध्ये बांधण्याची सक्ती करणारा कायदा व्हावा म्हणून ते अनेक वर्षं आमदारांचे उंबरठे झिजवत राहिले. 1977 मध्ये तो कायदा संमत झाला आणि 1 जानेवारी 1978 पासून लागू झाला. असा कायदा करणारं टेनेसी हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. पण संमत होताना त्यात एक सवलत घुसली: बाळ कुणाच्या हातात असेल तर सीट नसली तरी चालेल. म्हणजे जे थांबवायचं होतं, तेच कायद्यानं मान्य केलं. डॉक्टर पुन्हा कामाला लागले आणि 1981 मध्ये ती सवलत रद्द झाली. 1985 पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे आले. आज लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला तिकडे गेलेल्या आजीला दवाखान्यातून निघताना बाळ मांडीवर घ्यायला मिळत नाही, पहिल्याच प्रवासाला ते सीटमध्ये असतं. त्यामागे या सगळ्या खटपटी आहेत.

आता दिशेकडे वळू. मूल पुढे तोंड करून बसलेलं असताना समोरून टक्कर झाली, तर खांद्यांचे आणि कमरेचे पट्टे धड मागे धरून ठेवतात. डोक्याला मात्र कशाचाच आधार नसतो. ते पुढे जातच राहतं. वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण सव्वादोन-अडीच किलोचं. टकरीच्या ऐन क्षणी जोर गुरुत्वाच्या पंचवीस पट धरला, तर हे डोकं मानेला साठेक किलोच्या ओझ्यासारखं ओढतं. तीन तुकड्यांचे मणके, सैल अस्थिबंध आणि आत 6 मिलिमीटरहून जास्त न ताणणारा मज्जारज्जू. आता तीच सीट उलटी फिरवा. टक्कर समोरूनच झाली, पण या वेळी डोकं, मान, पाठ आणि कंबर एकाच वेळी, एकाच दिशेनं कवचात रुततात. ओढ कुठेच पडत नाही. जो जोर दोन अरुंद पट्ट्यांवर आणि एका मानेवर पडला असता, तो आता सगळ्या पाठीवर पसरतो. न्हाऊ घालताना आजी बाळाच्या डोक्यामागे आणि मानेखाली तळवा धरते, नेमकं तेच काम हे कवच पाठीच्या टोकापासून टाळूपर्यंत करतं.

ही युक्ती सुचली ती मोटारींच्या जगात नव्हे, तर विमानं आणि रॉकेटांच्या जगात. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी 1947 पासून रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटगाडीत स्वतःला बांधून घेऊन मानवी शरीर किती झटका सोसू शकतं, हे मोजायला सुरुवात केली. अगदी सुरुवातीच्या फेऱ्या त्यांनी पाठमोऱ्या बसून केल्या. 10 डिसेंबर 1954 ला न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर ते समोर तोंड करून बसले. गाडी ताशी 1017 किलोमीटरवर गेली आणि 1.4 सेकंदांत थांबली. शरीरावर गुरुत्वाच्या 46 पट जोर आला, डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि काही काळ त्यांना दिसेनासं झालं. सुदैवानं दृष्टी परत आली. विमानातल्या प्रवाशांच्या खुर्च्या मागे तोंड करून असाव्यात, असा आग्रह ते पुढे धरत राहिले.

हीच कल्पना स्वीडनमध्ये एका डॉक्टरच्या हाती आली. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात पुढे वाहतूक सुरक्षेचे प्राध्यापक झालेल्या बर्टिल आल्डमन यांनी टीव्हीवर जेमिनी यानाच्या अंतराळवीरांसाठी केलेल्या खुर्च्या पाहिल्या. उड्डाणाचा जोर पाठभर पसरावा म्हणून अंतराळवीर पाठीवर रेलून बसत आणि खुर्ची त्यांच्या अंगाच्या आकाराची असे. मोठ्यांच्या पाठीला जे हवं, ते बाळाच्या मानेला किती जास्त हवं असेल! 1964 मध्ये व्होल्वोच्या पीव्ही 544 या गाडीत मागे तोंड केलेल्या पहिल्या बालसीटच्या नमुन्याची चाचणी झाली आणि 1972 मध्ये व्होल्वोची तशी सीट बाजारात आली. आकाशाकडे जाणाऱ्या माणसांच्या खुर्चीतून भाजी आणायला निघालेल्या गाडीतल्या बाळाची खुर्ची निघाली, हे मला आजही विलक्षण वाटतं. स्वीडनमध्ये मुलं चौथ्या वर्षाच्या आसपासपर्यंत पाठमोरी बसतात. तिथल्या रस्ते आणि वाहतूक संशोधन संस्थेची ‘प्लस’ नावाची ऐच्छिक चाचणी तर मुख्यतः मानेवरची ओढच मोजते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 2007 मध्ये ‘इन्ज्युरी प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात आलेल्या एका अमेरिकी शोधनिबंधाच्या आधारे पाठमोरी सीट पाचपट सुरक्षित असल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पुढे त्यातली संख्याशास्त्रीय मांडणी टिकली नाही आणि तो मागे घेण्यात आला. सीटमध्ये नीट बांधलेल्या लहान मुलांना जबर इजा इतकी क्वचित होते की अमेरिकेच्या नोंदींतून ठाम आकडा काढणंच अवघड जातं. त्यामुळे मी पाचपटचा आकडा वापरत नाही. मानेची रचना, भौतिकशास्त्र आणि स्वीडनचा दीर्घ अनुभव मला पुरेसे वाटतात. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनंही 2018 मध्ये दोन वर्षांची अट काढून टाकली आणि सीटची मर्यादा संपेपर्यंत, जमेल तितका काळ मुलाला पाठमोरं ठेवा, असा सल्ला दिला.

निवडीची खरी किल्ली आहे सीटवर चिकटवलेलं लेबल. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच कन्व्हर्टिबल सीट युरोपातल्या जुन्या गटवारीप्रमाणे असतात. त्यांच्यावर 0 ते 18 किलो लिहिलेलं दिसतं, पण त्यात दोन भाग दडलेले असतात: मागे तोंड करून 13 किलोपर्यंत आणि पुढे तोंड करून 9 ते 18 किलो. 9 ते 13 किलोंच्या मधली जागा दोन्हींत येते आणि घोळ तिथेच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात वर्षाच्या मुलग्याचं मध्यम वजन 9.6 किलो आहे आणि मुलीचं 8.9. म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला लेबल ‘आता फिरवलं तरी चालेल’ म्हणतं आणि आईवडील सीट फिरवतात. ते मूल 13 किलोंचं होतं ते मात्र अडीच वर्षांच्या सुमारास! मानेच्या घडणीतली ही दीड वर्षं तीच सीट, एकही जादा रुपया न घेता, द्यायला तयार असते. अमेरिकेत 40 ते 50 पौंडांपर्यंत, म्हणजे 18 ते साडेबावीस किलोंपर्यंत पाठमोरं बसवणाऱ्या सीट सर्रास मिळतात. त्यात मूल चार वर्षांचं होईस्तोवर मावू शकतं. 2013 पासून युरोपात आलेला नवा नियम वजनाऐवजी उंचीवर चालतो आणि 15 महिन्यांच्या आत सीट फिरवायला बंदीच करतो. त्या नियमाच्या सीटवर पाठमोरी मर्यादा 105 सेंटिमीटर दिसली, तर ती साधारण चार वर्षांच्या मुलाची उंची असते, हे लक्षात ठेवावं. लेबलवर आकडा शोधायचा तो पाठमोऱ्या मर्यादेचाच. पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुतेक वेळा दोन्ही दिशा मिळून असतो.

वजनाइतकीच कवचाची उंची बघावी. अमेरिकी सीटमध्ये सहसा डोक्याचा वरचा भाग कवचाच्या कडेच्या निदान अडीच सेंटिमीटर खाली हवा. उंच अंगकाठीच्या मुलाचं डोकं वजनाची मर्यादा गाठण्याआधीच तिथे पोहोचतं. तुमच्या घरात उंची असेल तर उंच कवच घ्या. पाय दुमडले जातात याची काळजी करू नका. मुलं एरवीही मांडी घालून बसतात आणि पाठमोऱ्या सीटमध्ये पायाला इजा होणं विरळाच.

सीट आणि गाडी यांचं जमणं हा वेगळा विषय आहे आणि आपल्या छोट्या गाड्यांत तो फार महत्त्वाचा. तान्ह्या बाळासाठी सीट बरीच रेललेली लागते. ती उभी असली तर झोपेत हनुवटी छातीवर येते आणि पेंढ्याच्या काडीइतकी अरुंद श्वासनलिका दबू शकते. फार रेललेली असली तर टकरीत बाळ कवचातून वर सरकतं. म्हणून बाजूला एक रेघ किंवा पाण्याचा बुडबुडा असतो. सपाट जागेवर गाडी उभी करून तो बघायचा. रेललेली सीट पुढच्या आसनाला टेकते आणि पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. सीट घ्यायच्या आधी ती तुमच्याच गाडीत लावून बघू देणारा दुकानदार शोधावा, एवढा त्रास घेण्यासारखा आहे. मोठं बाळ जरा उभं बसू शकतं, तेव्हा पुढची जागा परत मिळते. लावल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून सीट हलवून बघा; अडीच सेंटिमीटरहून जास्त हलली तर पुन्हा आवळा. सीट अडकवायला गाडीतच दिलेली आयसोफिक्सची कडी असोत वा नुसता सीट बेल्ट, नीट आवळलेले दोन्ही चालतात. सहज आणि दर वेळी बरोबर लावता येईल ते वापरावं. आणि पाठमोरी सीट चालू एअरबॅगसमोर पुढच्या आसनावर कधीही ठेवू नये. एअरबॅग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगानं उघडू शकते आणि तिच्या वाटेत बाळाच्या डोक्यामागचं कवच येतं.

मागून गाडी धडकली तर काय, असं हमखास विचारलं जातं. मागून होणाऱ्या टकरीत दोन्ही गाड्या बहुधा एकाच दिशेनं चालत असतात, त्यामुळे वेगातला फरक आणि झटका कमी असतो. जबर इजा होते ती समोरून आणि बाजूनं होणाऱ्या टकरीत.

आपल्याकडे बाळाला पहिलं अंगडं दुसऱ्या बाळाचं घालतात आणि पाळणा पिढ्यान्‌पिढ्या फिरतो. ही रीत सुंदर आहे, पण कार सीटला लावू नये. टकरीतून गेलेल्या सीटचं प्लास्टिक बाहेरून साजरं दिसतं आणि आत तडा असू शकतो. सख्ख्या बहिणीची सीट असेल आणि तिचा सगळा इतिहास माहीत असेल तर ठीक, पण तिच्यावरची मुदतही पाहावी. उन्हातान्हात प्लास्टिक थकतं आणि बहुतेक उत्पादक सहा ते दहा वर्षांची मुदत घालतात. भारतात 1 सप्टेंबर 2019 पासून मोटार वाहन कायद्याच्या 194 ब कलमान्वये चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीटविना नेल्यास हजार रुपये दंड आहे. ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या, गाड्यांना सुरक्षेच्या तारका देणाऱ्या भारत एनकॅपच्या चाचणीत मुलांच्या सुरक्षेला 49 गुण राखलेले आहेत. नवी गाडी घेताना मोठ्यांच्या तारकांशेजारचा तो आकडाही वाचावा.

मग एक दिवस मूल पाठमोरी मर्यादा खरोखरच ओलांडतं, वजनानं किंवा उंचीनं, जी आधी येईल तिनं. त्या दिवशी सीट नुसती फिरवून चालत नाही. पाठमोरं असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा जरा खालून यायला हवेत, कारण टकरीत शरीर कवचावरून वर सरकू बघतं आणि पट्टा त्याला खाली धरतो. पुढे तोंड केल्यावर तेच पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा वरून यायला हवेत. खालून आले तर धड पुढे झेपावताना ते कण्याला खाली दाबतील. सीट बेल्ट जाण्याची वाटही बदलते. बहुतेक सीटवर दोन्ही वाटा वेगवेगळ्या रंगांत दाखवलेल्या असतात. शेवटी सीटच्या पाठीमागे वरच्या बाजूला लोंबणारा, टोकाला हूक असलेला एकेरी पट्टा उरतो, म्हणजे टीथर. बहुतेकांच्या गाडीत तो तसाच लोंबत राहतो. त्याचा हूक मागच्या आसनाच्या पाठीमागच्या किंवा डिकीतल्या कड्यात अडकवून पट्टा आवळला, तर टकरीत डोक्याचा पुढे जाण्याचा प्रवास 10 ते 15 सेंटिमीटरनी कमी होतो. छोट्या गाडीत पुढच्या आसनाची पाठ मुलाच्या कपाळापासून फार लांब नसते.